एकेचाळीस ठिपके

“बापाच्या रक्तात विष, आन् लेकीच्या रक्तात एक थेंब न्हाई. मग रक्त कुनाचं म्हनायचं हे?”

आत्ती हे माझ्याकडं बघून बोलली नाही. ती तांदूळ निवडत होती आणि सुपाशी बोलल्यासारखी बोलली. पण स्वयंपाकघरात दुसरं होतं कोण? मी भाकरी थापत होते. हातातली भाकरी काठाला फाटली.

आत्ती म्हणजे माझी सासू. आमच्या विट्याच्या बाजूला सासूला आत्तीच म्हणतात. सात वर्षं ती मला कधी वाकडा शब्द बोलली नव्हती, हेही सांगून ठेवते. नाहीतर तुम्ही म्हणाल, सासू म्हटल्यावर खाष्टच असणार.

“काय म्हनायचंय तुमास्नी, आत्ती?” मी तवा उतरवला. “तोंडावर म्हना की.”

“तोंडावरच म्हंते. इस्तव वटीत घेतला आन् लुगड्याला डाग न्हाई, असं झालंय का कुनाचं? चार डाव रगत तपासलं तुजं. चार डाव न्हाई म्हनालं. पोरीचं बी न्हाई म्हनालं. माजा ल्योक तेवढा वाळत चाललाय.” तिचा आवाज फाटला. “पुढच्या आइतवारी तुज्या भावाला बलवलंय. तात्याबी येतील. काय ते बसून ठरवू. तुजी पोरगी आन् तू, म्हायेरी जावा.”

तुजी पोरगी. आदल्या दिवसापर्यंत निकिता तिची ‘माजी बाय’ होती. चार वर्षांची पोर बाहेर अंगणात कोंबडीच्या मागं पळत होती, आणि इथं आत तिचा बाप कोण याचा हिशेब लागत होता.

मी तशीच पिठाच्या हातानं सोप्यात गेले. आमचे हे तिथं बाजेवर बसले होते. तेव्हा मी नवऱ्याचं नाव घेत नव्हते; आता घेते. जालिंदर. हा गलाईवाला. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचा धंदा. त्यापायी आमच्या तालुक्यातल्या घराघरातली तरणी माणसं देशभर पांगलेली. जालिंदर तमिळनाडूत सेलमला होता. लग्न झाल्यावर तीन वर्षं मीही तिथंच राहिले, दुकानाच्या मागच्या खोलीत. निकिताच्या बाळंतपणाला गावी आले ती इथंच राहिले. दोन वर्षांनी तो आला, तो खोकतच. मिरजेच्या दवाखान्यात टीबी निघाला, आणि टीबीच्या मागं एचआयव्ही.

“अवो, ऐकलं न्हवं आत्ती काय म्हनाली?”

जालिंदरच्या हातात त्याचा कसाचा दगड होता. काळा, तळहाताएवढा. सोनं त्यावर घासायचं, रेघेवर तेजाब टाकायचं. खोटं असलं तर रेघ उडून जाते, खरं असलं तर राहते. धंदा सुटला तरी तो दगड काही त्याच्या हातातून सुटला नव्हता.

“ऐकलं,” तो म्हणाला.

“मग बोला की काय तरी! तुमाला बी तसंच वाटतंय?”

तो दगडावर अंगठा फिरवत राहिला. “बघू,” म्हणाला.

बघू! सात वर्षं संसार केला आणि माझ्या वाट्याला काय आलं, तर बघू. असा संताप आला होता, की तो दगड घेऊन त्याच्याच टाळक्यात घालावा.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी मिरज गाठलं. दोन एस.टी. बदलून, निकिताला कडेवर घेऊन. दवाखान्यात फरिदा मॅडम होत्या. रिपोर्ट हातात द्यायच्या आधी माणसाला समजावून सांगायचं, हे त्यांचं काम. चारही वेळा त्यांनीच मला सांगितलं होतं, “शालन, निगेटिव्ह हाय, पेढे दे.”

मी चारही कागद त्यांच्या टेबलावर आपटले. “हे घ्या तुमचे निगेटिव्ह. मला नकोत.”

“अगं बाई, सकाळी सकाळी काय झालं?” त्या हसल्या. “लोक हितं निगेटिव्हसाठी नवस बोलतात.”

मी सगळं सांगितलं. त्यांचं हसू मावळलं. त्यांनी उठून दार लोटलं.

“आधी एक ध्यानात घे. पोरीला हा आजार येतो तो आईकडनं. पोटात, बाळंतपणात, न्हाईतर दुधातनं. आईलाच न्हाई, तर पोरीला यायचा कुठनं? तुझ्या सासूला सांग हे.”

“सांगितलं तर म्हनंल, मग तुला कसा न्हाई? तीन वर्सं नवऱ्याजवळ काय बसून फुगड्या खेळलीस? मॅडम, मला तरी सांगा. मला कसा न्हाई?”

फरिदा मॅडमनी चारही कागद गोळा करून माझ्या हातात दिले. मग म्हणाल्या, “हाच प्रश्न एका डॉक्टरीणबाईला पडलाय. पुण्यास्नं आलीय. चल.”

डॉक्टर देवस्थळी माझ्याच वयाच्या होत्या. चष्मा, सुती ड्रेस, आणि घाई तर अशी की खुर्चीवर धड टेकत नव्हत्या. गोळा केलेलं रक्त त्याच दिवशी पुण्याला पोचवायचं असतं, बारा वाजता जीप निघते, म्हणून. त्यांचं मराठी पुस्तकातलं.

“ज्या स्त्रिया वारंवार विषाणूच्या संपर्कात येऊनही बाधित होत नाहीत, त्यांच्या प्रतिकारशक्तीचा प्रतिसाद आम्ही तपासतो,” त्या म्हणाल्या.

मी फरिदा मॅडमकडं बघितलं. मी बारावी झालेली बाई, पण हे काही माझ्या डोक्यात शिरेना.

“हे बघ,” फरिदा मॅडम म्हणाल्या. “गावात चोर येऊन गेला. चोरी झाली न्हाई. पण चोर आला हुता, हे कुनाला ठाऊक?”

“कुत्र्यांना.”

“शाब्बास. त्यांनी वास घेतलेला असतो. उद्या चोराच्या सदऱ्याची चिंधी जरी त्यांच्या नाकापुढं धरली, तरी भुंकत्यात. तुझ्या रक्तात तसे राखणदार हैत का, ते ह्या बघणार. विषाणूचा नुसता तुकडा दाखवायचा. त्या तुकड्यानं रोग हुत न्हाई. ओळख असली तर भुंकतील. ज्या बाईच्या दारात चोर आलाच न्हाई, तिचे गप बसतील.”

मी जागची उठले. “म्हंजे माझ्या रक्ताला ठाऊक असंल? मी त्येंच्याजवळ हुते म्हनून?”

“संपर्क आला होता एवढं दिसू शकतं,” डॉक्टर सावधपणे म्हणाल्या. “दिसेलच असं नाही. काहींमध्ये दिसतं, काहींमध्ये नाही. आणि हा अभ्यास आहे, दाखला नव्हे. एकेकट्या स्त्रीला आम्ही निकाल देत नाही.”

“रक्त घेताना बरी मी एकेकटी असते! बाटलीवर माझा नंबर, दंडावर माझा डाग, आन् निकाल तेवढा सगळ्या बायकांचा?” माझा आवाज चढला. निकिता दचकून मला बिलगली. “बाई, माझ्या पोरीचा बाप कोन, ह्याची पुढच्या आइतवारी पंचाईत बसनार हाय. माझ्याकडं दुसरा साक्षीदार न्हाई. घ्या रक्त. पायजे तेवढं घ्या. पन मला सांगायचं. न्हाई सांगनार तर एक थेंब मिळनार न्हाई.”

डॉक्टरीणबाई घड्याळाकडं बघायच्या, माझ्याकडं बघायच्या, निकिताकडं बघायच्या. शेवटी म्हणाल्या, “पुण्यात वरिष्ठांना विचारते. परवानगी मिळाली तर पुढच्या शनिवारी सांगेन. जे दिसेल तेच सांगेन, जास्त काही नाही.”

मी हात पुढं केला. शेजारच्या खुर्चीवर फरिदा मॅडमनीही बाही वर केली. “माझं बी घ्या. तुलनेला लागतं की एक गपगुमान कुत्रं.”

एवढ्या घालमेलीत मला हसू आलं.

ते आठ दिवस कसे गेले, विचारू नका. जीव थाऱ्यावर नव्हता. घासलेली भांडी परत घासली. अंगण दिवसातनं तीनदा झाडलं. जेवायला बसलं की घास फिरायचा. नाहीच भुंकले तर? काहींमध्ये दिसत नाही, म्हणाल्या होत्या ना. मग आत्तीचं खरं आणि माझं खोटं, असंच होणार. चुलीपुढं बसून मी आपल्याच दंडावरच्या सुईच्या डागाकडं बघायची आणि मनात म्हणायची, बोला रे बाबांनो, आता गप बसू नका.

आत्ती माझ्या हातचं खात होती, पण बोलत नव्हती. निकिता तिच्या मांडीवर जाऊन बसली की ती उठायची. मग परसात जाऊन डोळे पुसायची. मी दोनदा बघितलं. लेक वाळत चाललेला, त्याचं खापर फोडायला तिला कुणीतरी हवं होतं. हे मला आज कळतं. तेव्हा मी मनातल्या मनात तिला शिव्याच घालत होते.

जालिंदरला मी बुधवारी सांगितलं. तो अंगणात उन्हाला बसला होता. ताटात पिठलं-भाकरी.

“रक्त दिलंय मी मिरजेत. शनवारी कळंल.”

“आता काय बघत्यात रक्तात? चार डाव झालं की.”

“हे येगळं हाय. रोग न्हाई बघत. रोग माझ्यापतोर आला हुता का, ते बघत्यात. माझ्या रक्ताला त्येची ओळख हाय का. असली तर आत्तीचं तोंड बंद.”

त्याचा हात भाकरीवर थांबला. “तसं कळतंय?”

“लख्ख कळतंय म्हनं.”

त्यानं ताट बाजूला सारलं. उठून दारापर्यंत गेला, परत आला, परत गेला. चार पावलं टाकली की धाप लागणारा माणूस येरझाऱ्या घालायला लागला.

“शालन, नको जाऊस शनवारी.”

“का?”

“ऱ्हाऊ दे. आईला मी समजावतो.”

“आजपतोर काय तोंडात गुळणी धरली हुती?”

“जाऊ नको म्हनलं न्हवं!” तो ओरडला, आणि खोकल्याची उबळ येऊन खालीच बसला.

मी त्याची पाठ चोळली. चोळता चोळता माझ्या ध्यानात आलं. याला भीती वाटतीय. माझं रक्त गप बसेल, याची. म्हणजे यालाही तसंच वाटतंय. माझा नवरासुद्धा मला तसली समजतो. त्या बुधवारी मी गोठ्यात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. आणि शनिवारी पहिल्या गाडीला उभी राहिले.

डॉक्टर देवस्थळींनी कागदावर छापलेला एक फोटो पुढं सरकवला. पांढऱ्या गोल वाट्यांच्या रांगा, वरून काढलेल्या.

“ही फरिदाताईंची,” त्यांनी एका वाटीवर बोट ठेवलं. कोरी होती. इकडं तिकडं दोन पुसट ठिपके.

“माझी कुत्री झोपलेली,” फरिदा मॅडम म्हणाल्या.

“आणि ही तुमची.”

वाटीभर निळे ठिपके होते. रांगोळी घालायला बसावं आणि ठिपक्यांनी ओळ सोडून हवं तिथं पळावं, तसे. डॉक्टरांनी सांगितलं, एक ठिपका म्हणजे विषाणूला ओळखणारी एक पेशी. मी बोट ठेवून मोजायला लागले. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जमलं. एकेचाळीस.

“भुंकली!” मी म्हटलं, आणि त्या टेबलावर डोकं ठेवून हुंदके देऊन रडले. माझ्या रक्तानं साक्ष दिली होती. एक नाही, एकेचाळीस साक्षी.

“शालनताई, नीट ऐका.” डॉक्टरांनी माझा हात धरला. “हे कवच नाही. आज लागण नाही, उद्या होऊ शकते. काळजी तीच घ्यायची, सांगितलेली. तुम्ही कशामुळे वाचलात, हे आम्हालाही अजून माहीत नाही.”

मग त्यांनी साध्या कागदावर लिहून दिलं: यांना लागण झालेली नाही. परंतु यांच्या रक्तातील पेशी या विषाणूला ओळखतात. तो यांच्या शरीरापर्यंत पोहोचला होता असे दिसते. आईला लागण नसल्याने मुलीला असण्याचे कारण नाही. खाली सही.

रविवारी सकाळी दहाला सगळे सोप्यात बसले. तात्या, म्हणजे माझे चुलत सासरे, भावकीतले वडीलधारे. माझा भाऊ हणमंतदादा, मान खाली घालून. आत्ती खांबाला टेकून. जालिंदर बाजेवर, हातात तोच दगड. निकिताला मी शेजारच्या काकूंकडं खेळायला पाठवली होती.

मी कागद तात्यांच्या हातात दिला. त्यांनी मोठ्यानं वाचला. ‘पेशी’ला अडखळले. मी फरिदा मॅडमची चोराची आणि कुत्र्यांची गोष्ट सांगितली, वाटीत निळे ठिपके उठले तेही सांगितलं. तात्यांनी दोनदा मान हलवली.

“वयनी,” ते आत्तीला म्हणाले, “ह्ये तर मिटलं. पोरगी नवऱ्याजवळ नांदलीया. रगतच सांगतंय.”

दादानं आठ दिवसांत पहिल्यांदा मान वर केली असावी. मीही श्वास सोडला.

आत्तीनं कागद हातात घेतला. तिला वाचता येत नव्हतं. तिनं तो उलटा-सुलटा केला आणि माझ्याकडं बघितलं.

“वळख हाय. मानलं,” ती म्हणाली. “पन कुनाची? कुत्रं भुकलं, चोराचं नाव सांगितलं का त्येनं? सेलमच्या दुकानात पाच कारागीर हुते. माज्याच लेकाची वळख कशावरनं?”

दादा ताडकन उठला. “मावशी, तोंड आवरा!”

तात्यांनी त्याला हाताला धरून बसवला. आठ दिवस मी ज्या कागदासाठी तडफडले, तो तिच्या हातात होता आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. एकेचाळीस साक्षीदार, आणि एकालाही नाव घेता येत नव्हतं.

मी जालिंदरकडं बघितलं. डोळ्यांनी नुसतं म्हटलं, तुमी तरी.

त्यानं दगड बाजेवर ठेवला. बाजेच्या पायाला धरून उभा राहिला.

“माजीच,” तो म्हणाला.

“तू गप,” आत्ती म्हणाली. “तुला काय ठावं?”

“मलाच ठावं, आई. तितं दुसरं कुनी न्हाई. शालनकडं डोळा वर करून कुनी बघितलं न्हाई.” त्याला धाप लागली होती, पण तो थांबला नाही. “सेलमच्या डॉक्टरनं मला सांगितलं हुतं. रगत तपासून. बायकूला जप म्हनला. पिशवीभर ती निरोधची पाकिटं बी दिली हुती. मी दुकानामागच्या गटारात टाकली. निकिता पोटात बी न्हवती तवा.”

दादानं कपाळावर हात मारला.

मी हिशेब केला. निकिता पोटात नव्हती तेव्हा. म्हणजे त्यानंतर निदान आठ-नऊ महिने आम्ही एका खोलीत राहत होतो. मी त्याला जेवण वाढत होते. मूल होत नाही म्हणून सेलमच्या देवीला नारळ फोडत होते, आणि हा शेजारी हात जोडून उभा राहत होता.

“मला का न्हाई सांगितलंत?” मी विचारलं.

“गेली असतीस.”

“आन् हे धा दिवस? आत्ती माझ्या पोरीला कुनाची म्हनत हुती, तवा?”

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं. “तुजं दर बारीला निगेटिव्ह यायचं. मला वाटायचं, म्हंजे माज्या हातनं काय झालंच न्हाई. तुज्यापतोर काय पोचलंच न्हाई. आई म्हनती तसं असतं...” तो अडखळला. “तसं असतं तर बरं, असं बी वाटलं मला. एकदा न्हाई, लई डाव.”

बुधवारी तो कशाला घाबरला होता, ते आता कळलं. माझं रक्त गप बसेल याला नाही. ते बोलेल याला.

आत्ती खांबाला धरून उठली. दोन पावलं त्याच्याकडं गेली आणि तिनं त्याच्या थोबाडीत मारली. वाळलेल्या, धापा टाकणाऱ्या लेकाच्या. मग त्यालाच छातीशी धरून तिनं हंबरडा फोडला. थोड्या वेळानं माझ्याकडं वळली, पदर पसरला. “चुकलं माजं, शालन. हितंच ऱ्हा. घर तुजं हाय. नात माजी हाय.”

हेच ऐकण्यासाठी मी जिवाचा आटापिटा केला होता. आठ दिवस देवाकडं दुसरं काही मागितलं नव्हतं. आणि आता ते मिळालं, तर मला त्या सोप्यात श्वास घेता येईना.

तिच्या हातातला चुरगळलेला कागद मी घेतला, सरळ केला, आणि बाजेवर, त्या काळ्या दगडाखाली ठेवला.

“ऱ्हाऊ दे हितंच,” मी म्हटलं. “मला वाटलं हुतं, माझा कस लागतोय. तुमच्या लेकाचा निघाला.”

आत जाऊन पिशवी भरली. माझी दोन लुगडी, निकिताचे फ्रॉक, तिची लस टोचल्याचा कागद. तात्या म्हणाले, “पोरी, रागात पाऊल उचलू नको.” मी म्हटलं, “रागातच उचलते, तात्या. राग गेला तर उचलनार न्हाई.” दादानं पिशवी घेतली. शेजारच्या काकूंकडून निकिताला घेतलं. तिनं विचारलं, “आजी न्हाई येत?” मी म्हटलं, “येईल की भेटायला.” आली पुढं. दर महिन्याला, नातीला लाडू घेऊन, शेवटपर्यंत आली. पण ते पुढचं.

वेशीपर्यंत आलो असू. मागून हाक आली. जालिंदर होता. घरापासून तेवढं चालत आला होता, कमरेवर हात ठेवून, वाकून श्वास घेत होता. दादा थांबला. मीही थांबले.

“शालन,” तो म्हणाला. “ठिपके किती हुते?”

मी त्याच्याकडं बघितलं. मग निकिताला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि चालायला लागले. मोजले होते मी, तीनदा. पण त्याला काय सांगायचे? ते कुठनं आले, हे माझ्या आधी त्यालाच ठाऊक होतं.